चरणजित सिंग यांचे डिस्को ठेक्यावरचे राग : तुमचे आवडते कोणते?

मंद्रसप्तक

चरणजित सिंग यांच्या 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' या १९८२ च्या रेकॉर्डचा विषय निघाला की चर्चा हमखास एकाच वळणाने जाते. शिकागोत 'ॲसिड हाऊस' हे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत जन्माला आलं त्याच्या पाच वर्षं आधी मुंबईतल्या एका माणसाने तीच यंत्रं घेऊन जवळपास तसाच आवाज काढून ठेवला होता, आणि जगाला त्याचा पत्ता नव्हता. यात खोटं काही नाही. पण 'पहिलं कोण' या वादात एवढी शाई खर्च झाली आहे की त्या रेकॉर्डवर जे दहा राग वाजवलेत त्यांच्याबद्दल कुणी धड बोलतच नाही. हा धागा त्या रागांसाठी काढला आहे.

ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे वादक. गिटार, बेस, की-बोर्ड, जे लागेल ते. त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं एकत्र आणली : टीआर-८०८ हे ताल देणारं, टीबी-३०३ हे बेसची ओळ वाजवणारं, आणि ज्युपिटर-८ हा मोठा सिंथेसायझर, ज्यावर ते स्वतः हाताने राग वाजवतात. रेकॉर्ड एचएमव्हीने काढली, ती चालली नाही आणि विस्मरणात गेली. पुढे २००२ मध्ये एडो बाऊमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली. त्याने सिंग यांना शोधून काढलं आणि २०१० मध्ये आपल्या 'बॉम्बे कनेक्शन' या लेबलवर ती पुन्हा प्रकाशित केली. तेव्हा अनेकांना हा कुणीतरी रचलेला बनाव वाटला होता, इतका तो आवाज १९८२ चा वाटत नाही.

आता माझी आवड.

सगळ्यात वर ललत. यात शुद्ध आणि तीव्र असे दोन्ही मध्यम ('म') लागोपाठ येतात आणि पंचम ('प') नाही. षड्ज-पंचमाचा (सा-प) नेहमीचा आधार काढून घेतल्यामुळे ललत ऐकताना एक अस्थिरपणा सतत जाणवतो, आणि तोच त्याचा जीव आहे. डिस्कोच्या बेसची सवय नेमकी उलटी असते. तिथे बेस षड्ज आणि पंचमावर उड्या मारतो, कारण पायांना ते सोपं पडतं. ललत घेतला की ती पळवाट बंद. मग बेसला मध्यमाकडेच वळावं लागतं, आणि खाली एकसारखा ठोका चालू असताना वरचे सूर मात्र कुठे टेकायला तयार नाहीत, असा एक विलक्षण ताण तयार होतो. शुद्ध मध्यमावरून तीव्रावर आणि परत, ही ललतची ओळख. ज्युपिटरवर ती फिरत ऐकू येते तेव्हा मला हे यंत्र आहे याचा विसर पडतो. हा राग रात्र सरता सरता, पहाटेआधी गायचा. नाचणारी माणसं जागी असतात तीही हीच वेळ. सिंग यांनी एवढा विचार केला होता की नाही यापेक्षा ते जुळून आलंय याचा मला आनंद जास्त आहे.

दुसरा मालकंस. रिषभ नाही, पंचम नाही, गंधार-धैवत-निषाद कोमल. मालकंस म्हटला की आपण विलंबित, खर्जाकडे झुकणारं, संथ असं काही अपेक्षित धरतो. इथे लय जलद आहे आणि तरी गांभीर्य टिकतं. ते टिकवण्याचं काम ३०३ करतं. त्याचा तो ओलसर, घशातून आल्यासारखा आवाज मंद्रात घोळत राहतो आणि वरच्या सुरांना घाई करू देत नाही. एरवी मालकंस जलद घेतला की तो तानांचं मैदान होतो. इथे तसं होत नाही.

मग कलावती आणि मेघमल्हार, यांत मला वर-खाली ठरवता येत नाही. कलावती म्हटलं की आपल्या कानात प्रभा अत्रे यांचा कलावती असतो, आणि तो एकदा बसला की दुसरा कुठलाही कलावती फिका पडतो. सिंग यांचा पडत नाही, कारण ते त्या वाटेला जातच नाहीत. तो लाडिक भाव त्यांनी पूर्ण बाजूला ठेवला आहे. कोमल निषाद आणि धैवत यांच्यातली ये-जा एवढंच पकडून ते पुढे जातात. मेघमध्ये मध्यमावरून रिषभावर येणारी मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणं) हा सगळा राग आहे असं मी मानतो, आणि ही मींड सिंथेसायझरवर इतकी गोल वाजू शकते हे या रेकॉर्डने मला पटवून दिलं.

यमन मला तितकासा भावत नाही. ठीक आहे, गोड आहे, पण यमनला जो विस्तार लागतो तो पाचेक मिनिटांत मावत नाही. भूप, मधुवंती, बैरागी, तोडी यांवर प्रतिसादांत बोलू.

तुमचे कोणते?

---

तिरकीट

चांगला धागा. पण तबलजी म्हणून एक तक्रार नोंदवतो, आणि ती रुचीपुरती नाही.

८०८ वर जो ठोका आहे त्याला सम, म्हणजे जिथे परत यायचं ती तालाची पहिली मात्रा, नाही. चार मात्रा, चारही सारख्या वजनाच्या, आणि त्याच पुन्हा. खाली नाही, भरी नाही. आपल्याकडे कलाकार कितीही लांब भटकून आला तरी समेवर येताना जो आनंद होतो तो आवर्तनामुळे होतो. सोळा मात्रांच्या वर्तुळात नववी मात्रा रिकामी वाटते म्हणून पहिली भरलेली वाटते. इथे प्रत्येक मात्राच सम असल्यासारखी येते, म्हणजे सम उरतच नाही. मग राग ऐकतोय की रागाच्या सुरांतली धून ऐकतोय? माझं उत्तर : धून. सुंदर धून, पण धून.

---

मंद्रसप्तक

तिरकीट, तुमचा मुद्दा मला मान्य आहे, निष्कर्ष नाही.

तबला बंद ठेवून त्याच्या जागी डिस्कोचा ठेका लावून बघू, ही कल्पना सिंग यांनी नंतर मुलाखतींत स्वतःच सांगितली आहे. तेव्हा हिंदी चित्रपटांत डिस्को जिकडेतिकडे होता, त्यातूनच काही वेगळं करावं असं त्यांना वाटलं. म्हणजे आवर्तन त्यांनी विचारपूर्वक काढून टाकलं. ते काढल्यावर काय उरतं? आलाप. आलापातही सम नसते, ताल नसतो, आणि तिथे आपण 'ही धून आहे' असं म्हणत नाही. मी हे रेकॉर्ड ऐकतो ते जलद ठोक्यावर सोडलेल्या आलापासारखं, जोड-झाल्याच्या, म्हणजे आलापाच्या पुढच्या लयदार भागांच्या, अंगाने जाणारं. बीनकार आणि सतारिये जोडात तबल्याशिवायच एक स्पंद धरतात, त्यालाही आवर्तन नसतं. ८०८ चा ठोका मला त्या स्पंदाच्या जागी बसलेला वाटतो.

---

तिरकीट

जोडाचा विचार केला नव्हता. जोडात मात्र तो स्पंद कलाकाराच्या हातात असतो, हळूहळू वाढतो. इथे लय पहिल्या सेकंदाला जी आहे तीच शेवटी. पण ठीक, या कानाने पुन्हा ऐकतो.

---

रेझोनन्स

यंत्रांच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण मेघच्या मींडेचा विषय निघालाय आणि ३०३ समजून घेतल्याशिवाय तो पुरा होणार नाही.

टीबी-३०३ रोलँडने १९८१ मध्ये आणलं, तादाओ किकुमोतो यांनी डिझाइन केलेलं. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकांना बेसची साथ मिळावी हा हेतू. त्याचा आवाज खऱ्या बेस गिटारसारखा मुळीच नव्हता, सूर भरायची पद्धत किचकट होती, आणि १९८४ मध्ये ते बंद झालं. मग ही यंत्रं जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली, शिकागोत 'फ्यूचर' या गटाच्या हाती एक लागलं, आणि १९८७ मध्ये त्यांचं 'ॲसिड ट्रॅक्स' आलं. त्यांनी सिंग यांचं रेकॉर्ड ऐकलं असण्याची काही शक्यता नाही. दोन स्वतंत्र वाटा आहेत.

आता मुद्दा. ३०३ मध्ये एका वेळी एकच सूर वाजतो. सोळा पायऱ्यांचा एक साचा, आणि प्रत्येक सुराला दोन गोष्टी लावता येतात : जोर आणि घसरण. जोर लावला की तो सूर नुसता मोठा होत नाही, त्याचा फिल्टर (आवाजातला धारदार भाग अडवणारी चाळणी) हाही जास्त उघडतो, म्हणून तो चिरका होतो. घसरण लावली की एका सुरावरून पुढच्या सुरावर तुटक उडी न मारता आवाज सरकत जातो. एका वेळी एक सूर, सुरावर वजन, आणि सुरांमध्ये सरकणं. पाश्चात्त्य पॉपला हे यंत्र अपुरं वाटलं, कारण त्याला कॉर्ड वाजवता येत नाहीत. ज्या संगीतात कॉर्ड नाहीतच, त्याला काय कमी पडणार होतं?

आणि एक. हे १९८२ चं काम आहे, वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी जोडणारं मिडी आलं १९८३ मध्ये. ८०८ आणि ३०३ एका लयीत धावतात ते रोलँडच्या स्वतःच्या सिंक जोडणीमुळे. आज संगणकावर एका क्लिकचं काम आहे. तेव्हा हे सगळं जुळवून वर स्वतः राग वाजवणं सोपं नव्हतं.

माझा आवडता : मालकंस. कारणं वर आलीच आहेत.

---

मंद्रसप्तक

रेझोनन्स, फार छान मांडलंत. यावरून मला बरेच दिवस डोक्यात असलेली गोष्ट लिहितो. शिकागोच्या मुलांनी ३०३ ची बटणं फिरवणं हेच वादन केलं. साचा तोच राहतो, फिल्टर हळूहळू उघडतो, मिटतो, किंचाळतो, आणि सगळी गोष्ट त्या बदलात असते. सिंग यांचं लक्ष तिथे नाही. त्यांची गोष्ट उजव्या हातात, ज्युपिटरच्या पट्ट्यांवर घडते. ३०३ त्यांच्यासाठी तंबोऱ्याच्या आणि साथीदाराच्या मधलं काहीतरी आहे. म्हणून 'पहिलं ॲसिड हाऊस' हे बिरुद मला अपुरं वाटतं. त्या बिरुदाने साथीदाराचं कौतुक होतं आणि मुख्य कलाकार राहून जातो.

---

कोमल निषाद

मी गाणं शिकते, त्यामुळे माझी अडचण वेगळी आहे. तोडी.

तोडीचा गंधार कोमल असतो म्हणणं पुरेसं नाही. तो अतिकोमल, म्हणजे नेहमीच्या कोमलाहूनही किंचित खाली, लागतो, आणि तिथे रिषभाशी त्याचं जे नातं आहे त्यातूनच तोडीची आर्तता येते. की-बोर्डवरचा गंधार समान अंतरांनी बांधलेला, ठरलेल्या जागेवरचा. त्यामुळे या रेकॉर्डवरचा तोडी मला बाहेरून तोडीसारखा दिसतो पण आत शिरत नाही. आकाशवाणीने १९४० ते १९७१ हार्मोनियमवर बंदी घातली होती ती याच आक्षेपांमुळे : सूर ठरलेल्या जागी अडकलेले, आणि मींड नाही. बंदीचं समर्थन मी करत नाही, आपल्याकडे गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी त्या पेटीतून काय काढलं ते माहीत आहे. पण तोडीत ही मर्यादा उघडी पडते.

भूपमध्ये पडत नाही. माझा आवडता भूप. पाच शुद्ध सूर, आणि गंधार-धैवतावर इतक्या निर्मळपणे थांबणं. ठोक्याच्या गडबडीत गंधार तसाच प्रकाशमान राहतो याचं मला फार अप्रूप वाटतं.

---

रेझोनन्स

तोडीबद्दल तुमचं म्हणणं खोडत नाही, एक भर. ज्युपिटर-८ वर डाव्या हाताला सूर वाकवायची दांडी असते आणि सरकत्या सुरांची सोयही असते. म्हणजे हार्मोनियमवरचा दुसरा आक्षेप, मींड नसण्याचा, इथे लागू होत नाही. पहिला होतो. सूर सरकत जाताना मधल्या सगळ्या श्रुती (सुरांमधल्या बारीक जागा) ओलांडतो, पण थांबतो ठरलेल्या जागीच. आणि तोडीचा गंधार थांबून ऐकायचा असतो.

---

कोमल निषाद

अगदी हेच म्हणायचं होतं.

---

जुनी तबकडी

वाद्यवृंदात वाजवणाऱ्यांबद्दल थोडं बोललं पाहिजे, नाहीतर हे रेकॉर्ड आभाळातून पडल्यासारखं वाटतं.

चरणजित सिंग हे त्या पिढीचे वादक, ज्यांचा हात आपण आयुष्यभर ऐकला आणि नाव कधी वाचलं नाही. आर. डी. बर्मन यांच्या ध्वनिमुद्रणांत ते असत. 'दम मारो दम' मधलं ट्रान्झिकॉर्ड हे इलेक्ट्रॉनिक वाद्य त्यांनी वाजवलेलं. म्हणजे १९८२ च्या दहा वर्षं आधीपासून ते विजेवरची वाद्यं वाजवत होते. चित्रपटगीतांच्या वाद्यसंगीताच्या रेकॉर्डही त्यांच्या नावावर आहेत.

चित्रपटाच्या स्टुडिओत वादकाला काय जमावं लागे? नोटेशन वाचणं, मिनिटभरात नवीन आवाज शोधणं, आणि संगीतकाराने 'इथे जरा मारव्यासारखं दे' म्हटलं की चार मात्रांत मारवा उभा करणं. त्या चार मात्रांत आलाप करायला वाव नसतो. रागाचं सार लगेच समोर ठेवावं लागतं. या रेकॉर्डमधल्या रागांची मांडणी मला तिथून आलेली वाटते. कुणी मैफिलीच्या तराजूत तोलून 'विस्तार नाही' म्हणेल, पण मोजक्या जागेत रागाचा चेहरा ओळखू येईल असा काढणं ही वेगळी विद्या आहे आणि ती त्यांच्याकडे पुरेपूर होती. धागाकर्त्यांनी यमनला कमी लेखलंय, तिथे माझा विरोध नोंदवा. माझ्यासाठी यमन पहिल्या तिनांत.

---

रात्रपाळी

मी हाऊस आणि टेक्नो ऐकणारी, राग मला ओळखता येत नाहीत. हे रेकॉर्ड त्याच बाजूने माझ्याकडे आलं. खरं सांगायचं तर मला सगळे ट्रॅक सुरुवातीला सारखेच वाटले, कारण ठोका आणि वेग जवळपास सारखाच. कुठून सुरू केलं तर फरक कळेल?

(त्या पहिल्या ट्रॅकमधला 'ॐ नमः शिवाय' म्हणणारा यांत्रिक आवाज मात्र पहिल्याच वेळी अंगावर आला.)

---

कोमल निषाद

रात्रपाळी, भूप आणि मालकंस पाठोपाठ ऐका. दोन्हींत पाचच सूर आहेत. भूपचे सगळे शुद्ध, मालकंसात तीन कोमल. ठोका तोच, वाद्यं तीच, वादक तोच, म्हणजे जो फरक जाणवेल तो निव्वळ सुरांचा. नावं लक्षात ठेवायची गरज नाही. एक उजळ लागेल, एक खोल. मग ललत लावा, आणि सूर जिथे थांबेल असं वाटतं तिथे थांबत नाही हे जाणवतंय का बघा. व्होकोडरचा (बोलण्याला यांत्रिक करणाऱ्या यंत्राचा) तो आवाज मलाही आवडतो.

---

मंद्रसप्तक

कोमल निषाद यांच्या सल्ल्यावरून एक गोष्ट ध्यानात आली. दहापैकी पाच राग औडव, म्हणजे पाच सुरांचे, आहेत : भूप, मेघ, कलावती, मालकंस, बैरागी. (मेघमल्हारात काही जण कोमल गंधार घेतात, पण मेघ अंगाने पाहिला तर पाचच.) शास्त्रीय मैफिलींत औडव रागांचं प्रमाण एवढं नसतं. सोळा पायऱ्यांचा साचा घेऊन बसलेल्या माणसाने पाच सुरांचे राग जास्त निवडावेत यात मला यंत्राची नेमकी जाण दिसते. कमी सूर असले की साचा पुन्हा पुन्हा आला तरी तो रागाच्या बाहेर जात नाही. वक्र चालीचे, नियमांनी भरलेले राग, म्हणजे दरबारी किंवा गौड सारंग, त्या साच्यात घुसमटले असते. ते त्यांनी घेतलेच नाहीत.

जुनी तबकडी, स्टुडिओच्या चार मात्रांचं तुम्ही सांगितलंत ते माझ्या लक्षात कधी आलं नव्हतं. यमनचा विरोध नोंदवला.

---

रात्रपाळी

भूप-मालकंस ऐकले. फरक कळला, आणि अगदी स्पष्ट कळला. ललतमध्ये मला सतत वाटत राहिलं की आता बेस 'घरी' येईल आणि तो येतच नाही. टेक्नोत हे मुद्दाम करतात, एक सूर बराच वेळ रोखून धरतात. इथे तो रोखलेला नाही, मुळात नाहीच, हे पंचम नसल्याचं वाचल्यावर उलगडलं.

---

तिरकीट

पुन्हा ऐकलं. आवर्तनाची उणीव मला अजून जाणवते, ती जाणवतच राहील. पण मेघमध्ये ८०८ च्या टाळीच्या आवाजावर मध्यम-रिषभाची मींड येते तिथे मी हातावर ताल धरणं सोडून दिलं, हे कबूल.

दुसऱ्या बाजूचा क्रमही बघा, सुरुवातीचा मेघमल्हार सोडला तर : यमन, कलावती, मालकंस, बैरागी. संध्याकाळ, रात्र, मध्यरात्रीनंतर, पहाट. घड्याळ बरोबर चाललंय. पहिल्या बाजूला ललत आणि तोडीच्या मध्ये भूप येऊन तो हिशोब मोडतो, पण दुसऱ्या बाजूला तो पक्का आहे.

---

जुनी तबकडी

बैरागीवर कुणीच बोललेलं नाही. पं. रविशंकरांनी रूढ केलेला राग, म्हणजे बाकीच्यांच्या मानाने नवा. सा, कोमल रे, म, प, कोमल नि. गंधार आणि धैवत दोन्ही नाहीत, त्यामुळे गोडवा आणणारं काही शिल्लकच राहत नाही. एवढ्या कोरड्या रागाने रेकॉर्ड संपवायला धीर लागतो. गर्दीला खूश करायचं असतं तर शेवटी काहीतरी रंगेल टाकता आलं असतं.

२०१० नंतर त्यांना युरोपात मंचावर हेच राग वाजवायला बोलावलं गेलं, सत्तरी ओलांडलेली असताना, त्यांच्या नातवंडांच्या वयाच्या श्रोत्यांसमोर. जुलै २०१५ मध्ये मुंबईत ते गेले. निदान लोकांनी ओळखलेलं त्यांनी पाहिलं, याचं मला समाधान आहे.

---

मंद्रसप्तक

बैरागी माझ्या यादीत पाचवा धरा. मधुवंतीवर लिहायचं राहिलं ते इथे लिहितो : कोमल गंधार आणि तीव्र मध्यम यांच्यातलं अंतर ज्युपिटरवर ज्या तऱ्हेने ओढलं जातं, ते मला तोडीपेक्षा कितीतरी जास्त पटतं, कारण मधुवंतीला गंधारावर तेवढं ठाण मांडून बसावं लागत नाही. त्यामुळे कोमल निषाद यांचा आक्षेप तिथे तितकासा लागू पडू नये. त्यांनी ऐकून सांगावं.

---

कोमल निषाद

ऐकलं. गंधार मला इथेही किंचित चढा वाटतो, पण मींड त्याला सांभाळून नेते. मधुवंती भूपच्या खालोखाल. तोडी अजूनही नाही.